सत्ता पुण्यात, मान साताऱ्यात

(सांगोला येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



मराठ्यांच्या इतिहासात आपल्या गावाचे नाव ज्या घटनेने कोरले गेले, ती घटना गावातच फारशी सांगितली जात नाही. १७५० साली यमाजी शिवदेवांनी येथे पेशव्यांविरुद्ध बंड उभारले. ते मोडण्यासाठी सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांना सोबत घेऊन आले आणि येथेच करार झाला. राज्यकारभार पेशव्यांकडे गेला, छत्रपतींकडे सिंहासन तेवढे उरले. पुढे रामराजांचे जिणे नजरकैदेचेच झाले, हे सांगताना संकोच वाटतो. पण ते लपवण्यात अर्थ नाही.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठीही पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागली. फौज पुण्याची, तिजोरी पुण्याची. अधिकार मात्र सिंहासनाकडून मागून घ्यायचा. जपानमध्येही हीच रीत होती. तलवारीच्या बळावर देश जिंकलेल्या इयेयासूने १६०३ मध्ये शोगुनपद स्वीकारले ते क्योटोच्या सम्राटाकडून. याउलट, १८०४ मध्ये साक्षात पोप समोर असताना नेपोलियनने मुकुट स्वहस्ते आपल्या मस्तकी चढवला. त्याचे कर्तृत्व अलौकिकच. पण त्याला अधिकार देणारे त्याच्याहून थोर असे कुणी उरलेच नाही.

आज आपण यांतली कोणती रीत चालवतो? चौकातले फलक पाहा. साध्या नगरसेवकाच्या वाढदिवसाला त्याची छबी शिवछत्रपतींच्या प्रतिमेहून मोठी असते! (अशा जाहिरातींवर आम्हा वृत्तपत्रवाल्यांची दिवाळी साजरी होते, हेही कबूल करतो.) व्यक्तीऐवजी भगव्या ध्वजाला गुरुस्थानी मानण्याची दृष्टी डॉक्टर हेडगेवारांनी आपल्याला दिली. शाखेत आपण ती पाळतो. निवडणुकीच्या मांडवात शिरताच तिचा विसर पडतो.

याच तालुक्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले. ते शेतकरी कामगार पक्षाचे. त्यांच्या लाल झेंड्याशी आपले कधी जमले नाही, जमणारही नव्हते. १९६२ मध्ये ते प्रथम आमदार झाले, दोनदा मंत्रीही झाले, तरी एस.टी.ने प्रवास करणारा आमदार हीच त्यांची ओळख राहिली. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या विरोधात आयुष्यभर मतदान केलेल्या घरांतूनही ‘आबासाहेब’ हाच शब्द ऐकू आला.