काट्यावर शिक्का, मग संगणकावर का नाही?

(साकोली येथील जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आम्ही कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू रानातली माणसं आज धानाच्या मुलखात आलो आहोत. इथं बांध्या आणि बोड्या, आमच्याकडे काळी रानं आणि आभाळाकडे लागलेले डोळे. पण एक गोष्ट आता दोन्हीकडे सारखी झाली आहे. धान सरकारी केंद्रावर न्यायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी. कापूस सीसीआयला द्यायचा तर २०२५-२६ च्या हंगामापासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. पेरा किती, तो २०२१ पासून ई-पीक पाहणीत मोबाईलवर टाकायचा. २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. आपलं शेत कागदावरून उठून यंत्रात जाऊन बसलं आहे, आणि यंत्र जे म्हणेल ते खरं.

आमच्या गावच्या एका काकांची गोष्ट सांगतो. अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीत त्यांचं नाव येईना. पंचनामा झालेला, खातं चालू. आम्ही त्यांच्यासोबत केंद्रावर गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "काका, सिस्टीम घेत नाही." का घेत नाही? त्याला माहीत नाही. अर्धा दिवस कागद पालथे घातल्यावर कळलं, सातबाऱ्यावर नावात बाणाचा ण आणि आधारवर नळाचा न. आता आमच्या वऱ्हाडात पाण्याला 'पानी' म्हणतात, तिथं ण आणि न यांचा हिशेब कोण ठेवतो? एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेलो, जिथं तिथं एकच उत्तर : वरून आलं आहे. वर म्हणजे कुठं, हे कुणी सांगेना. पैसे आले ते पेरणी उलटल्यावर. तोवर बियाणं उसन्या पैशानं घेतलं होतं.

आता जुन्या लोकांना आठवेल. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती. ग्रेडर मूठभर कापूस हातात घ्यायचा आणि ग्रेड ठोकून द्यायचा. अन्याय व्हायचाच. पण ग्रेडर समोर उभा असायचा. त्याला विचारता यायचं, दहा माणसं गोळा करता यायची, घेराव घालता यायचा. संगणकाला घेराव कसा घालणार?

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो तेव्हा संगणक एका बंद खोलीत असायचा आणि चपला बाहेर काढून आत जावं लागायचं, देवळासारखं. ती भक्ती अजून गेलेली नाही. संगणक म्हणजे देव नव्हे. कुणीतरी माणसानं लिहून ठेवलेल्या नियमांप्रमाणे तो चालतो. त्या लिखाणाला प्रोग्रॅम म्हणतात. दोन कागदांवरचं नाव अक्षरशः जुळलं नाही तर अर्ज बाजूला टाक, असं कुणीतरी बसून लिहिलं. म्हणजे तो एक नियमच झाला. फक्त तो ना विधानसभेत मांडला, ना ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला.

२०१७ ची कर्जमाफी आठवा. ३४ हजार कोटींची घोषणा झाली आणि अर्ज ऑनलाइन मागवले. आधार, खातं, सगळ्या कुटुंबाची माहिती. दिवाळीत मुंबईत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत प्रमाणपत्रं वाटली, आणि मग याद्या तपासताना एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी निघाले. याद्या परत मागे गेल्या. चूक बँकांची की यंत्राची, यावर आठवडेच्या आठवडे वाद चालला. थांबला कोण? शेतकरी.

संगणक नको, असं आम्ही म्हणत नाही. सही केलेला सातबारा घरबसल्या मिळतो, ही बरीच मोठी सुटका आहे. ज्यांनी तलाठ्याच्या सज्जावर चकरा मारल्या त्यांना ती कळेल. आमचं म्हणणं एवढंच की बाजार समितीतला काटा सरकार तपासतं, त्यावर शिक्का मारतं, मुदत संपली की पुन्हा तपासतं. काटा माझा आहे, आत पाहू नका, असं व्यापारी म्हणाला तर चालतं का? मग आपल्या नशिबाचं माप करणारा हा काटा आतून बघायचा नाही, हे कसं?

याच प्रश्नावर जगात एक चळवळ उभी आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसानं १९८३ मध्ये ती सुरू केली. प्रोग्रॅम उघडा पाहिजे, कुणालाही तो वाचता, सुधारता, शेजाऱ्याला देता आला पाहिजे. आपल्याला हे सांगायला अमेरिका कशाला हवी? मालदांडी ज्वारीचं बी आपण असंच ठेवत आलो, कणीस निवडायचं, राखायचं, मागेल त्याला पायलीभर द्यायचं. उलट संकरित कपाशीचं पाकीट दरसाल विकतच घ्यावं लागतं. कुलूपबंद प्रोग्रॅम हा त्या पाकिटाचा भाऊ आहे.

पण नुसतं वाटून भागत नाही. त्याच १९८३ साली इथून दक्षिणेला, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना आपल्या बांधीत धानाच्या वेगळ्या लोंब्या दिसल्या. वर्षानुवर्षं निवड करून त्यांनी बारीक वाण तयार केला. बाजारात त्याला घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलं. दादाजींनी बी मोकळेपणी दिलं. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठानं त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी म्हणून वाण आला. दादाजींना श्रेयासाठी झगडावं लागलं. पुढे राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला, पण दीड एकराचा हा माणूस २०१८ मध्ये गेला तो गरिबीतच. आम्ही कृषी पदवीधर म्हणवतो, म्हणून हे सांगताना आमचीच मान खाली जाते. स्टॉलमनच्या मंडळींनी हा धोका ओळखला आणि परवान्यातच अट घातली : घ्या, सुधारा, वाटा, पण मूळ कर्त्याचं नाव पुसायचं नाही, आणि सुधारलेलं वाटलं तर तेही उघडंच ठेवायचं. दादाजींच्या बियाण्याबरोबर अशी चिठ्ठी असती तर!

कुणी म्हणेल, प्रोग्रॅम उघडा केला तरी तो वाचणार कोण? जमीन कायदा तरी आपण कुठं वाचतो? पण वकील वाचतो, आणि वकील वाचू शकतो या धाकानं सरकार सांभाळून लिहितं. आपल्या घरातली पोरं आता नागपूर-पुण्यात हेच काम करतात, तीही वाचतील. आणि हे अशक्य नाही. सरकारी कामात उघडे प्रोग्रॅम वापरावेत, हे केंद्र सरकारचं धोरण २०१५ पासून आहे. करोनात आरोग्य सेतू ॲपवर ओरड झाली तेव्हा मे २०२० मध्ये त्याचा प्रोग्रॅम खुला करावा लागला. शेतकऱ्यांच्या यंत्रांसाठी ओरड आपण केलेलीच नाही.

एक घोटाळा मात्र होऊ देऊ नका. उघडा हवा तो प्रोग्रॅम, आपली माहिती नव्हे. कुणाचं कर्ज किती, खातं कुठं, जमीन किती, हे झाकलेलंच राहिलं पाहिजे. आज नेमकं उलटं आहे. आपली माहिती दहा टेबलांवर फिरते आणि कुलूप आहे ते नियमाला.

आणि हेही सांगून ठेवतो, यानं कापसाचा भाव एक रुपयानं वाढणार नाही. भावाची लढाई वेगळी आहे. पण भाव मिळाला तरी यादीत नाव नसेल तर तो कुणाच्या खात्यात जाणार?

म्हणून ठरावात आम्ही असं मांडलं आहे की आपल्या पैशानं केलेला प्रत्येक प्रोग्रॅम आणि त्यातले नियम मराठीत जाहीर व्हावेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळावं, नुसतं 'सिस्टीम घेत नाही' नको. ते दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला माणूस तालुक्यालाच असावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत कागदावरचा अर्ज चालावा.

जेवणानंतर मांडवाच्या डाव्या अंगाला आमची पोरं वह्या घेऊन बसतील. ज्याचा अर्ज यंत्रानं परत केला असेल त्यानं तारीख, योजना आणि पडद्यावर काय लिहून आलं ते सांगावं. मोबाईलमध्ये फोटो असेल तर तो दाखवावा. आधारचा क्रमांक मात्र कुणाला लिहून देऊ नका, आम्हालाही नाही.