गाठ चिरून पाहा
(भोर येथील बैठकीतील भाषण)



तुम्ही बरेच जण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून आलात. येताना भाताची खाचरं पाहिली असतील. भोर-वेल्ह्यात भात निघाला की उरल्या ओलीवर हरभरा पेरतात. तो पिवळा पडला की धाव युरियाकडे. हवेत शंभरात 78 भाग नत्र आहे, फुकट. रायझोबियम जिवाणू मुळावरच्या गाठीत बसून ते पिकाला देतो.

पण तो जमिनीत असायला हवा. पावसाळाभर पाणी साचलेल्या खाचरात हरभऱ्याचा जिवाणू फार कमी उरतो. तिथं पाकिटाचा उपयोग जास्त. तुमच्या तुरीच्या जुन्या रानात तुरीचा जिवाणू बहुधा असतोच. फरक कमी दिसेल. शेतकीची पदवी घेऊनही हे आम्ही उशिराच शिकलो.

10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. गुळाच्या गार पाण्यात कालवून हलकं चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं तर आधी. हरभऱ्याचं पाकीट तुरीला चालत नाही. तूर, मूग, उडीद, चवळीला एकच चालतं.

मागं एका गावात आम्हीच पाकिटं वाटली. मुदत संपलेली, पत्र्याखाली तापलेली. गाठी धरल्याच नाहीत. लोक म्हणाले, साहेब, तुमचं औषध खोटं. औषध कसलं, जीव होता तो, मेलेला! तेव्हापासून तारीख पाहिल्याशिवाय आम्ही पाकीट घेत नाही.

पेरणीनंतर सहा आठवड्यांनी दोन झाडं मातीसकट खणून काढा, गाठ नखानं चिरा. आत लालसर गुलाबी दिसली तर युरियाची गोणी दुकानातच राहू द्या. गाठीच नसल्या तर पाकीट आणि पावती घेऊन पुढच्या बैठकीला या.