गच्चीवरचा दिवा आणि आभाळातले विमान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विमानात मी अजून पाऊल ठेवलेले नाही. तरी विमानाविषयी बोलायला उभी राहिले, कारण संध्याकाळी आपल्या गच्च्यांवर पोरे काय खेळतात ते मी रोज पाहते.

गड्ड्याच्या जत्रेत पेन्सिलीएवढा लेझरचा दिवा मिळतो. बटण दाबले की भिंतीवर हिरवा किंवा तांबडा ठिपका पडतो. मांजर त्यामागे धावते, पोरे हसतात. भिंतीचा कंटाळा आला की दिवा आभाळाकडे वळतो, आणि आभाळात हलणारे दिसते ते विमान.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा काडीने विमान थोडेच पडते?" विमानाला काही होत नाही, काकू, होते ते चालवणाऱ्याच्या डोळ्यांना. हा उजेड बॅटरीच्या उजेडासारखा चटकन विरत नाही, मैलोगणती जातो. किलोमीटरभर गेल्यावर ठिपका चांगला दोन हात रुंद होतो. तो विमानाच्या पुढच्या काचेवर पडला की बारीक चऱ्यांमुळे सगळी काच उजळून निघते. रात्री पुण्याच्या रस्त्यावर समोरच्या मालमोटारीचे दिवे एस.टी.च्या काचेवर आले की ड्रायव्हरला क्षणभर रस्ता दिसत नाही, तसेच हे. शिवाय अंधारात वैमानिकाच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. उजेड सरला तरी डोळ्यांपुढे डाग तरळत राहतो. त्यातून हिरवा उजेड डोळ्यांना अधिकच झगझगीत लागतो. ड्रायव्हर गाडी कडेला घेईल. उतरते विमान हवेत कुठे उभे करणार? आणि धावपट्टीवर नजर ठेवण्याची वेळ नेमकी तीच.

एकट्या अमेरिकेत २०२३ साली वैमानिकांनी अशा १३,३०४ तक्रारी नोंदवल्या. आपल्या केंद्र सरकारनेही त्याच वर्षी नियम दुरुस्त केला. विमानतळाभोवती पाच सागरी मैलांत, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटरांत, विमानाला धोका होईल असा दिवा दाखवायचा नाही. त्यात लेझर आणि हवेत सोडायचे कंदीलही आले. होटगी रस्त्यावरच्या विमानतळापासून नऊ किलोमीटर मोजा, सिद्धेश्वराचे देऊळसुद्धा आत येते. मग आपल्या गच्च्या सुटतील कशा?

१५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, विमानांच्या वाटेत येते म्हणून. ते योग्य की अयोग्य, यावर आपल्याच मंडळात दोन तट आहेत. त्यात मी शिरत नाही. ९ जून २०२५ ला गोव्याचे विमान सुरू झाले. चिमणी निदान दिसत तरी होती. कुठल्या गल्लीतून कोणाचा दिवा कधी लागेल, हे वैमानिकाला कसे कळावे?

आमच्या घरातला दिवा मी कपाटात कुलपात ठेवला आहे. नातू रुसला, दोन दिवसांत विसरला.

राहिल्या मिरवणुका. त्यांतले झोत तर या काडीच्या कितीतरी पट जोरदार. गल्लीतल्या पोरांना विचारले तर म्हणतात, "मावशी, दिवे भाड्याचे. फिरवणारा माणूसही त्यांचाच." बरे आहे. यंदा गणपतीची वर्गणी मागायला ती दारी येतील, तेव्हा झोत आभाळात फिरवणार नाही एवढे त्यांच्याकडून वदवून घेईन आणि मगच पावती फाडू देईन. तुमच्याही दारी तीच पोरे येणार आहेत.