लहान धंद्याचे बोधचिन्ह : ते कसे असावे आणि कोणाचे असावे?



बाजारात ज्याला मार्का किंवा छाप म्हणतात, सुशिक्षित मंडळी ज्याला बोधचिन्ह म्हणतात आणि कायदा ज्याला व्यापारचिन्ह म्हणतो, त्या वस्तूविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. चार माणसांचा चपलांचा कारखाना किंवा घरच्या घरी चालणारा मसाल्याचा धंदा. त्याला चिन्ह हवे कशाला, माल चांगला असला म्हणजे झाले, असे पुष्कळांचे म्हणणे असते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. माल चांगला आहे हे गिऱ्हाइकाला एकदा वापरल्यावर कळते. परंतु तो कोणाचा होता हे त्याच्या ध्यानात राहिले नाही, तर दुसऱ्या खेपेस ते आपल्याकडेच येईल याची खात्री काय? ज्याच्या पेटीवर ओळखीची खूण दिसेल त्याच्याकडे ते जाईल. हाताने काम करणाऱ्यांच्या श्रमाचे मोल असेच पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत आले आहे. चप्पल शिवणारा एक आणि तिच्यावर शिक्का मारणारा दुसरा.

चांगल्या चिन्हाचे सर्वांत बोलके उदाहरण मला बाजारात नव्हे, तर निवडणुकीत सापडते. १९५१ च्या जनगणनेत या देशातील साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते, आणि त्याच सुमारास प्रौढ मताधिकारावर पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्यावयाची होती. ज्यांना उमेदवाराचे नाव वाचता येत नव्हते त्यांच्याकरिता चिन्हे ठरविण्यात आली. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड, जनसंघाची पणती, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. निकाल काय लागले तो भाग वेगळा. चिन्ह म्हणून त्या हत्तीकडे पाहा. कोळशाने भिंतीवर काढला, गेरूने काढला, चित्रकलेचा गंध नसलेल्या पोराने काढला, तरी सोंड दिसताच ओळख पटते. त्याला रंग लागत नाही, खाली नाव लिहावे लागत नाही, आणि ‘हत्ती’ एवढे म्हटले की तो दुसऱ्याला सांगता येतो.

हे शेवटचे लक्षण मी सर्वांत मोठे मानतो. जे तोंडाने सांगता येत नाही ते चिन्ह नव्हे, ती नक्षी होय. ‘बंदर छाप’ काळे दंतमंजन मागणाऱ्यांपैकी किती जणांना कंपनीचे नाव ठाऊक होते? त्यांना माकड ठाऊक होते आणि तेवढे पुरे होते. याउलट आज मोबाईलवर तासाभरात तयार होणारी चिन्हे पाहावीत. चार रंग, पानांचे कडे, वेलांटीदार इंग्रजी अक्षरे, त्यात स्थापनेचे साल, शिवाय मालकाची आद्याक्षरे एकमेकांत गुंतविलेली! हा सारा संसार चपलेच्या तळव्यावर उठत नाही, बिलावरच्या रबरी शिक्क्यात मावत नाही आणि व्हॉट्सॲपच्या नखाएवढ्या वर्तुळात त्याचा नुसता डाग दिसतो. चिन्ह एका शाईत, रुपयाच्या नाण्याएवढे छापून घ्यावे आणि हातभर अंतरावरून अनोळखी माणसास दाखवावे. ते काय आहे हे त्याला सांगता आले नाही, तर चित्रकाराकडे परत जावे.

आता कायदा काय म्हणतो? आश्चर्य असे की न्यायालयाने लावलेली कसोटी हीच आहे. ‘ग्लुकोविटा’ आणि ‘ग्लुव्हिटा’ या दोन नावांचा वाद १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला, तेव्हा दोन्ही नावे शेजारी मांडून त्यांतले फरक मोजले नाहीत. साधारण बुद्धीच्या आणि अर्धवट स्मरण असलेल्या माणसाचा घोटाळा होईल की नाही, एवढेच पाहिले. १९७२ साली पार्ले कंपनीच्या बिस्किटांच्या वेष्टनाचा वाद आला. दोन्ही वेष्टनांवर मुलगी, गाई, कोंबड्या. तपशील निराळे, पण ठसा एकच. सामान्य गिऱ्हाईक शेरलॉक होम्स नसते, असा त्या निकालाचा आशय होता आणि पार्लेचा पक्ष मान्य झाला. म्हणून बड्या कंपनीच्या छापात एक रेघ बदलून आपला छाप करणे हा शहाणपणा नव्हे. दावा झाला तर छापलेल्या पेट्या रद्दीत जातील. आणि दावा झाला नाही तरी आपल्या चांगल्या मालाचे श्रेय त्या बड्या कंपनीलाच मिळेल.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. चपलेच्या दुकानावर चप्पल आणि मसाल्याच्या पुडीवर मिरची. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ९ सांगते की जे चिन्ह नुसते मालाचे वर्णन करते, त्याची नोंदणी सहसा होत नाही. मिरची सर्वांची आहे. ती एकट्या आपली कशी होईल? दीर्घ वापराने तीच खूण आपली म्हणून ओळखली जाऊ लागली तर गोष्ट निराळी, पण तितका धीर आणि पैसा लहान धंद्याजवळ नसतो. चपलेवर बगळा असावा, मसाल्यावर होडी असावी. ज्याचा मालाशी संबंध नाही तेच मनात टोचून राहते.

या पत्राच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आपल्यापैकी अनेकांना दुकानाच्या पाटीवर अशोकचक्र घालावेसे वाटते. भावना समजण्यासारखी आहे, तथापि १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या परिशिष्टात अशोकचक्राचे चित्र तर आहेच, ‘धर्मचक्र’ हा शब्दही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून धंद्यासाठी त्यांचा वापर करता येत नाही. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याचे म्हणून मागणाऱ्या व्यापाऱ्यालाही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली नकार दिला. बाबासाहेबांची तसबीर दुकानात अवश्य लावावी. तिचा मार्का करू नये. पेटी शेवटी उकिरड्यावर जाते, हेही ध्यानात घ्यावे.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे ते सामाईक नाव आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच चपला उगमाचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा गदारोळ झाला आणि कंपनीला प्रेरणा कोठून घेतली हे मान्य करावे लागले. सामाईक नावाचे बळ ते हे. परंतु आठ जिल्ह्यांतील हजारो हातांपैकी ही चप्पल कोणत्या हाताची, हे सामाईक नाव सांगत नाही. म्हणून निर्देशांकाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे आणि शेजारी स्वतःची खूणही मारावी.

माझ्याकडे एक दांपत्य आले होते. बारा वर्षे त्यांनी आपल्या खुणेच्या चपला विकल्या. पुढे माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने तीच खूण स्वतःच्या नावावर नोंदवून घेतली आणि त्यांनाच नोटीस पाठविली. कायदा त्यांच्या बाजूचा आहे. आधीपासून वापर करणाराचा हक्क कलम ३४ राखते. पण आधीपासून म्हणजे केव्हापासून? एकही जुने बिल त्यांच्याजवळ नव्हते. दावा अजून चालू आहे. गप्प बसण्याचीही किंमत पडते. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांच्या वादात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने नावे फसवणूक होण्याइतकी सारखी आहेत असे मानले; तरीही अमृतधारावाले वर्षानुवर्षे जाणूनबुजून स्वस्थ राहिले होते म्हणून लक्ष्मणधारेची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती कायम ठेवली.

नोंदणीचा खर्च मोठा नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे व्यक्तीस किंवा लघुउद्योगास संगणकावरून अर्ज करताना मालाच्या एका वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क ठेवलेले आहे. पादत्राणे पंचविसाव्या वर्गात येतात, मसाले तिसाव्यात. जाहिरात झाल्यावर चार महिने हरकतीची मुदत असते. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे वाढविता येते. वर्तुळातले ‘आर’ हे अक्षर मात्र नोंदणीपूर्वी छापू नये, ते कायद्याविरुद्ध आहे. चित्रकाराकडून सर्व हक्क लेखी लिहून घ्यावेत आणि त्यात मुदत नमूद करावी. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती पाचच वर्षे धरतो.

अर्जात चिन्हाचा वापर केव्हापासून आहे असा रकाना असतो, आणि जुनी तारीख लिहिल्यास प्रतिज्ञापत्र व पुरावे जोडावे लागतात. तेव्हा पहिले बिल, पिशव्या छापल्याची पावती आणि पाटी रंगविल्याचा तारखेसह फोटो यांची एक प्रत घरी आणि एक वकिलाकडे ठेवावी.