तारक सिन्हा : एका क्रीडाशिक्षकाची कारकीर्द
(द्वारका, नवी दिल्ली येथे दिलेले व्याख्यान)



खेळाडूची कारकीर्द मोजणे सोपे असते. त्याच्या धावा आणि त्याचे बळी नोंदवहीत लिहिलेले असतात. प्रशिक्षकाची कमाई मात्र नेहमी दुसऱ्याच्या नावावर जमा होते. मुंबईच्या शिवाजी पार्कवर आयुष्य वेचणारे रमाकांत आचरेकर मराठी माणसाला परिचित आहेत. त्यांच्याच जातकुळीचे एक गुरू आपल्या द्वारकेपासून फारशा दूर नसलेल्या श्री व्यंकटेश्वर महाविद्यालयाच्या मैदानावर अनेक वर्षे शिकवीत होते. त्यांचे नाव तारक सिन्हा. शिष्य त्यांना ‘उस्तादजी’ म्हणत.

सिन्हा यांचा जन्म 1950 चा. तरुणपणी ते यष्टिरक्षण करीत; परंतु खेळाडू म्हणून त्यांना मोठी संधी लाभली नाही. त्या काळी दिल्लीच्या महाविद्यालयीन क्रिकेटवर सेंट स्टीफन्स आणि हिंदू या दोन महाविद्यालयांचे वर्चस्व होते. सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलाने चांगला चेंडू टाकला, तरी तो पाहणार कोण? ही उणीव ओळखून त्यांनी 1969 मध्ये, वयाच्या विशीच्या आतच, सॉनेट क्रिकेट क्लबची स्थापना केली. उदरनिर्वाहासाठी दिल्लीच्या पी. जी. डी. ए. व्ही. महाविद्यालयात नोकरी आणि उरलेला सर्व वेळ मैदानावर, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी विवाह केला नाही. क्लब हाच त्यांचा संसार होता.

या संसारातून जे बाहेर पडले त्यांची नावे पाहा : सुरिंदर खन्ना, मनोज प्रभाकर, रमण लांबा, अजय शर्मा, अतुल वासन, आकाश चोप्रा, आशिष नेहरा, शिखर धवन, ऋषभ पंत. यांत एकाची शैली दुसऱ्यासारखी नाही. चोप्राचा संयमी बचाव आणि पंतची बेदरकार फटकेबाजी एकाच गुरूच्या देखरेखीखाली वाढली. मुलाचा मूळ स्वभाव मोडून त्याला साच्यात बसवायचे नाही, त्याच्या उणिवा तेवढ्या दूर करायच्या, हे या कारकीर्दीचे मर्म मला वाटते.

शिस्तीच्या बाबतीत मात्र ते कठोर होते. परीक्षेच्या दिवसांत कोणी सरावाला आला, तर ते त्याला परत पाठवीत. क्रिकेटमध्ये शंभरांतला एखादाच पुढे जातो. उरलेल्या नव्व्याण्णवांनाही जगायचे असते, याची जाणीव त्यामागे असली पाहिजे. रूडकीहून आलेला पंत सुरुवातीला मोतीबागच्या गुरुद्वारात मुक्काम करून सरावाला येत असे. त्याच्या खेळाबरोबर त्याच्या शालेय शिक्षणाचीही सिन्हा यांनी काळजी वाहिली. 2001-02 मध्ये ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक होते. त्या संघात मिताली राज आणि झूलन गोस्वामी या तेव्हा कोवळ्या वयाच्या खेळाडू होत्या.

सन्मान उशिरा आला. द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना 2018 मध्ये, क्लबच्या स्थापनेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी मिळाला. त्याच वर्षी पंतने इंग्लंडमध्ये कसोटी पदार्पण केले आणि आपल्या पहिल्या धावा षटकाराने काढल्या. 6 नोव्हेंबर 2021 रोजी सिन्हा यांचे कर्करोगाने निधन झाले.

इतके खेळाडू देशाला देणाऱ्या या क्लबला स्वतःच्या मालकीचे मैदान नव्हते. तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलत राहिला. 2021 मध्ये व्यंकटेश्वरचे मैदानही सोडण्याचा प्रसंग उभा राहिला, तेव्हा पंतने जाहीरपणे खंत व्यक्त केली होती. महाविद्यालयाला आपल्या विद्यार्थ्यांचा विचार करावा लागतो, हे खरेच. परंतु एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीच्या पश्चात किती काळ टिकणार, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

गुणी मुले सर्वत्र जन्मतात आणि त्यांना ओळखणारा शिक्षकही कोठेतरी असतोच. त्या दोघांना भेटण्यासाठी जागा लागते, आणि ती देणे समाजाच्या हाती असते. शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकाला कुलूप लावताना, बाहेर उभ्या असलेल्या मुलांकडे आपण एकदा पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.