घरचा सेनापती कोण?

अमेरिकन क्रांतियुद्धात वॉशिंग्टनच्या तोफखान्याचा प्रमुख होता हेन्री नॉक्स. मूळचा बोस्टनचा पुस्तकविक्रेता. तोफांची विद्या तो शिकला ती बरीचशी दुकानातल्याच पुस्तकांतून. १७७४ साली त्यानं ल्यूसी फ्लकरशी लग्न केलं. तिचे वडील मॅसॅच्युसेट्स प्रांताचे सरकारी सचिव, म्हणजे इंग्रज राजाचे नोकर. भाऊ इंग्रजी फौजेत अधिकारी. असला जावई माहेरी कुणाला पसंत पडणार?

१७७५-७६च्या हिवाळ्यात हेन्रीनं टायकॉन्डेरोगाच्या किल्ल्यावरून सुमारे साठ टन वजनाच्या तोफा बर्फातून, घसरगाड्यांवर लादून बोस्टनपर्यंत ओढत आणल्या. त्या तोफा शहराबाहेरच्या टेकड्यांवर चढताच मार्चमध्ये इंग्रजांनी शहर सोडलं. ल्यूसीची माहेरची माणसंही देश सोडून गेली, ती तिला पुन्हा कधीच भेटली नाहीत. नवऱ्याच्या पराक्रमानं तिचं माहेर तुटलं. या दोघांची पत्रं वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

हेन्रीची पत्रं लांबलचक आणि ऐटदार. ट्रेंटनच्या लढाईनंतर, १७७६च्या डिसेंबरात, बर्फाचे तुकडे वाहणारी डेलावेअर नदी रात्री कशी ओलांडली आणि बेसावध शत्रूची कशी त्रेधा उडाली, हे त्यानं बायकोला रंगवून लिहिलं. इतिहासकार ते पत्र आवडीनं वापरतात. मला मात्र ल्यूसीची पत्रं जास्त मोलाची वाटतात. शुद्धलेखनाच्या नावानं आनंदच! पण लढाईच्या वर्णनात जे येत नाही, ते तिथं आहे: पत्र आलं नाही म्हणून रुसवा, पैशांची विवंचना, लेकीसह देवी टोचून घेणं, एकटेपणा.

भांडणंही आहेत. १७७६च्या जूनअखेर ल्यूसी न्यूयॉर्कमध्ये त्याच्याजवळच होती. खिडकीतून इंग्रजांचं आरमार दिसलं, इशाऱ्याच्या तोफा वाजू लागल्या. आधीच का निघाली नाहीस, म्हणून आपण तिच्यावर किती संतापलो, हे हेन्रीनंच भावाला कळवलं. बायकोच्या जिवाची धास्ती होती, ती रागाच्या रूपानं बाहेर पडली.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १७७७ मध्ये, ल्यूसीनं त्याला बजावलं: परत आल्यावर स्वतःला घरचा सरसेनापती समजू नका, इथं दोघांचा अधिकार सारखाच. हे काही तिनं तत्त्वज्ञान म्हणून लिहिलेलं नाही. नवरा रणात असताना व्यवहाराचे निर्णय तिच्याच गळ्यात पडले होते, आणि आता ते सोडून द्यायची तिची तयारी नव्हती.

१७७८ साली ती सरळ व्हॅली फोर्जच्या छावणीत जाऊन राहिली, आणि पुढं युद्धाचा बराच काळ तिनं नवऱ्याच्या सोबतच काढला. साहजिकच पत्रं विरळ झाली.