ट्रंकेंतले कागद
(वांद्रे पूर्व येथें जुन्नर भागांतील मंडळींपुढें एका खेड्यांतील शाळामास्तरानें केलेलें भाषण)



मी खेड्यांतला मास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत मला पाढे आणि शुद्धलेखन कसें शिकवावें हें सांगितलें. कागद कसा जपावा हें कोणी सांगितलें नाहीं. तरी आज त्याच विषयावर बोलावयास उभा राहिलों, कारण या कामांत मी स्वतः गुन्हेगार आहें.

माझा आजा सत्यशोधक जलशांत ढोलकी वाजवी. वर्गणीचा हिशेब, कोणाच्या घरीं भटजीवांचून लग्न लागलें त्याचीं टिपणें, पुढाऱ्यांचीं आलेलीं कार्डें, हें सारें तो एका पत्र्याच्या ट्रंकेंत ठेवी. तो वारला. पुढें घराचीं कौलें उतरवून स्लॅब टाकण्याचें निघालें, तेव्हां ट्रंक गोठ्यांत गेली. मी तेव्हां नोकरीस लागलेला, चार बुकें शिकलेला. आई दोनदां म्हणाली, "बाबा, त्या पेटीकडं बघ की येकदा. तुझ्या आज्याचं काय काय हाय तिच्यात." मी म्हणालों, "सुटी लागली कीं बघतो." सुटी लागली आणि संपलीही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर झांकण उघडलें तों आंत वाळवीची माती!

मधोमध दडलेली एकच वही वांचली. तींत बावीस गांवांचीं नांवें आणि आणे-पैचा हिशेब आहे. कोणीं दोन आणे दिले, कोणीं पायलीभर बाजरी. एका सुताराच्या नांवापुढें आज्यानें लिहिलें आहे, "पैसे नाहींत, बाजाची पेटी दुरुस्त करून दिली." चळवळ कशावर चालली, हें मला मोठमोठ्या ग्रंथांनीं सांगितलें नव्हतें तें या ओळीनें सांगितलें. बाकीच्या वह्यांत काय होतें, तें आतां कोणालाच कळावयाचें नाहीं.

तुम्ही म्हणाल, मास्तर, एका ढोलकीवाल्याच्या वहीचें एवढें काय? सांगतों. करवीरच्या शाहू छत्रपतींचा पत्रव्यवहार आज छापील खंडांत वाचावयास मिळतो, कारण संस्थानाला दप्तर होतें आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारानें तें सांभाळलें. पेशव्यांचें दप्तर पुण्यास रुमालांत बांधून सुखरूप आहे. राज्य ज्याचें त्याचा कागद टिकतो. आपल्या माणसांचें काय झालें? कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास 'दीनबंधु' काढला. १८८० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तो याच मुंबईंत आणून चालविला. गिरणीकामगाराला आठवड्याची सुटी मिळावी म्हणून झटलेला हा पुरुष १८९७ च्या प्लेगांत गेला. त्याच्या पत्राचे जुने अंक आज दुर्मिळ आहेत. इंग्रज सरकार देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवी आणि त्यांचा सारांश इंग्रजींत करवून घेई. 'दीनबंधु'चें पुष्कळसें म्हणणें अभ्यासकांना त्या सारांशांतूनच हुडकावें लागतें. आपल्याच आजोबांचें बोलणें सरकारी भाषांतरकाराच्या तोंडून ऐकावयाचें! त्यानें काय गाळलें, काय मोडून लिहिलें, हें कोणास विचारावें?

जोतीरावांनीं 'तृतीय रत्न' नाटक १८५५ सालीं लिहिलें. तें छापून निघालें १९७९ सालीं. त्याचें हस्तलिखित टिकलें म्हणून निघालें, एवढेंच. सावित्रीबाईंनीं जोतीरावांना लिहिलेलीं तीन पत्रें आज छापलेलीं आहेत. त्यांतलें १८७७ च्या दुष्काळांतलें पत्र तुमच्या-माझ्या ओतुराहून लिहिलेलें. तें पत्र कोणीं चुलींत घातलें असतें, तर त्या दुष्काळांत आपल्या भागांत बाई काय करीत होत्या हें त्यांच्या शब्दांत आपल्याला कधींच कळलें नसतें.

फार लांबचें कशाला? बाबासाहेब आंबेडकर १९५६ सालीं गेले. १९६७ च्या जानेवारींत दिल्लीच्या अलीपूर रोडवरील त्यांच्या घरांतले कागद अंगणांत फेंकले गेले आणि रात्रीं त्यांवर पाऊस पडला, असें त्यांचे चिटणीस नानकचंद रत्तू यांनीं लिहून ठेविलें आहे. उरलेल्या हस्तलिखितांच्या पेट्या कोर्टकचेरीच्या ताब्यांत पडून होत्या. महाराष्ट्र शासनानें १९७६ सालीं समिति नेमली, १९७९ सालीं पहिला खंड निघाला, आणि पुढें वसंत मून यांच्या संपादनाखालीं पेट्यांतलें अप्रकाशित लिखाण लोकांपुढें आलें. एवढ्या थोर पुरुषाच्या कागदांवर ही पाळी. मग ढोलकीवाल्याची कथा काय!

राज्याचें दप्तरखातें १८२१ सालचें. त्याच्या मुंबईच्या कचेरीचे कागद काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत राहत आले. आतां नवें पुराभिलेख भवन तुमच्या दाराशीं, वांद्रे-कुर्ला संकुलांत, बांधण्याचें शासनानें जाहीर केलें आहे. फार चांगलें झालें. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी घराघरांत शिरली, तें तुम्हीं पाहिलें आहे. तेव्हां बांधणाऱ्यांना आपण एवढें विचारावें, कीं कागद तळमजल्यावर तर ठेवणार नाहीं ना? आणि दुसरें हें विचारावें, कीं त्या भवनांत मंत्र्यांच्या फायलींशेजारीं आमच्या जलशाच्या वहीला फळी मिळेल कीं नाहीं?

सातबाऱ्याचा उतारा आणि सावकाराच्या फेडलेल्या कर्जाची पावती आपला कुणबी देव्हाऱ्यांत ठेवतो, कारण उद्यां कोणी खोटा दावा लावील ही त्याला धास्ती असते. इतिहासांतही खोटे दावे लागतात.

म्हणून घरीं गेल्यावर माळ्यावरची पेटी खालीं घ्या. कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंबूं नका, ओल धरून बुरशी येते. चिकटपट्टी लावूं नका, लॅमिनेशन तर मुळींच नको. धुतलेल्या कोरड्या सुती फडक्यांत बांधा. फोटोच्या मागें पेन्सिलीनें हलक्या हातानें माणूस, गांव, साल लिहा. म्हातारीं माणसें आहेत तोंवर त्यांनाच विचारून लिहा. मोबाइलवर पानापानाचा फोटो घ्या. दप्तरखान्यास द्यावयाचें ठरलें, तर यादी करा, यादीवर सही-शिक्का घ्या आणि नक्कल घरीं ठेवा. कोणी गोड बोलून "वाचून परत देतो" म्हणाला, तर त्याला घरींच बसवून चहा पाजा आणि वाचूं द्या.

आज्याची वही मीं आज बरोबर आणली आहे. ती या टेबलावर आहे. ज्यांना आपल्या गांवाचें नांव पाहावयाचें असेल त्यांनीं एकेकानें यावें. हात मात्र कोरडे असूं द्या.